जहाजावरील वीजघर

घरात बटण दाबले की दिवा लागतो. ह्या गोष्टीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ही वीज आली कोठून, हा प्रश्नही सहसा आपल्या मनात येत नाही. कोयनेच्या पाण्याने, चंद्रपूरच्या कोळशाने किंवा तारापूरच्या अणुभट्टीने निर्माण केलेली वीज शेकडो किलोमीटर तारांवरून प्रवास करीत आपल्या उंबरठ्याशी येते. गाव कितीही आडवळणाचे असो, तेथवर आलेली एक तार त्याला बाकीच्या जगाशी जोडून ठेवते. समुद्रावर चालणाऱ्या जहाजाला मात्र अशी तार नसते. धक्का सुटला आणि किनारा दिसेनासा झाला की, जहाजाला लागणारी वीज जहाजानेच निर्माण करावी लागते.

ही वीज केवळ दिव्यांसाठी लागते असे नाही. सुकाणू वळवणारे पंप, मुख्य एंजिनाला तेल व पाणी पुरवणारे पंप, अंधारात व धुक्यात वाट दाखवणारे रडार, दूरचा संदेश आणणारी बिनतारी यंत्रणा, नांगर ओढणारा रहाट, अन्न टिकवणारे शीतगृह आणि आग लागलीच तर पाण्याचा मारा करणारा पंप, ही सर्व यंत्रे विजेवर चालतात. म्हणून जहाजावरची वीज गेली म्हणजे केवळ अंधार होतो असे नव्हे. जहाज आंधळे, मुके आणि पांगळे होते. १८८० साली अमेरिकेत बांधलेल्या ‘कोलंबिया’ नावाच्या आगबोटीवर एडिसनच्या विजेच्या दिव्यांची योजना करण्यात आली, तेव्हा वीज ही एक शोभेची आणि सोयीची वस्तू होती. आज ती जहाजाची पहिली गरज झाली आहे.

वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला जनित्र म्हणतात. व्यवहारात आपण त्याला जनरेटर म्हणतो. जमिनीवरील जनित्र आणि जहाजावरील जनित्र ह्यांचे मूलतत्त्व एकच आहे. मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली असे दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला तर त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबक थांबला की वीजही थांबते. म्हणजे चुंबक सतत फिरता ठेवला तर वीजही सतत मिळत राहील. जनित्रात नेमके हेच केलेले असते. कोयनेला पाण्याचा लोट चाक फिरवतो, चंद्रपूरला वाफ फिरवते, आणि रुग्णालयाच्या आवारातील जनित्र डिझेल एंजिन फिरवते. जहाजावरही बहुधा डिझेल एंजिनच हे काम करते. मग दोहोंत फरक तो कोणता? तत्त्वात फरक नाही. फरक आहे तो परिस्थितीत. जहाजावरील जनित्राला एकटे राहावे लागते, डोलणाऱ्या जमिनीवर चालावे लागते, खाऱ्या हवेत श्वास घ्यावा लागतो आणि माणसे भरलेल्या बंदिस्त घरात आग न लावता काम करावे लागते. ह्या चार गोष्टींतून बाकीचे सारे फरक उत्पन्न झाले आहेत.

प्रथम एकटेपणाचा विचार करू. जमिनीवरील वीजकेंद्रे एकमेकांशी तारांनी जोडलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी जोडले गेले आणि सारा देश एका जाळ्यात आला. अशा जाळ्यात एखादे जनित्र बंद पडले तरी त्याचा भार इतर शेकडो जनित्रे वाटून घेतात, आणि आपल्या घरातील दिवा लुकलुकतही नाही. क्वचित सारे जाळेच कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ह्या दोन दिवशी उत्तर भारतात असे घडले आणि कोट्यवधी लोक अंधारात राहिले. तरीही त्या वेळी घरे जागच्या जागी उभी होती. ती खडकावर जाऊन आदळण्याचे भय नव्हते. जहाजाचे तसे नाही.

ह्यासाठी जहाजावर एका जनित्रावर कधीही विसंबत नाहीत. मोठ्या मालवाहू जहाजावर साधारणतः तीन किंवा चार जनित्रे असतात. नियम असा आहे की, त्यांपैकी कोणतेही एक बंद पडले तरी उरलेल्यांनी जहाज चालवण्याला व सुरक्षित ठेवण्याला आवश्यक असलेली सर्व कामे पार पाडली पाहिजेत. भर समुद्रात एक किंवा दोन जनित्रे चालू असली तरी पुरते. परंतु बंदरात शिरताना, अरुंद खाडीतून जाताना किंवा वादळात सापडल्यावर जास्तीचे जनित्र चालू करून ठेवतात. तेव्हा वीज जास्त लागते हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण हे की, चूक दुरुस्त करायला त्या वेळी अवधी नसतो.

जाळे मोठे असले की त्याला लहानसहान धक्के जाणवत नाहीत. आपल्या गावातील पिठाची गिरणी सुरू झाली म्हणून कोयनेच्या यंत्राची गती मंदावत नाही. परंतु जहाजावर एखादी मोठी मोटर सुरू झाली तर तिचा ताण तत्काळ जनित्रावर येतो. जहाज धक्क्याला लावताना नाळ आडवी सरकवण्यासाठी पाण्याखालचा एक मोठा पंखा फिरवतात. त्या एका पंख्याला एका संपूर्ण जनित्राची वीज लागू शकते. म्हणून तो सुरू करण्यापूर्वी पुरेशी जनित्रे चालू आहेत, ह्याची खात्री करून घ्यावी लागते. आणि एवढे करूनही भार पेलेनासा झालाच तर? आपल्याकडे वीज कमी पडली म्हणजे भारनियमन करतात, हे आपणांस ठाऊक आहे. जहाजावर भारनियमनाचे काम यंत्रच करते. जनित्रावर भार फार झाला की, वातानुकूलन, स्वयंपाकघर इत्यादी कमी महत्त्वाची कामे क्रमाक्रमाने आपोआप तोडली जातात. सुकाणूची वीज मात्र ह्या यादीत नसते. आधी काय सोडायचे आणि शेवटपर्यंत काय धरून ठेवायचे, हे शांत वेळी ठरवून ठेवलेले असते, म्हणूनच संकटात गोंधळ होत नाही.

दुसरा फरक पायाचा. जमिनीवर जनित्र बसवायचे झाले तर सिमेंट-काँक्रीटचा भक्कम ओटा बांधतात, तो पाणसळीने तपासतात आणि त्यावर यंत्र घट्ट बसवतात. एकदा बसवले की ते तसूभरही कलत नाही. जहाजावरील यंत्राचा पाया म्हणजे जहाजच, आणि ते लाटांवर सतत डोलत असते. ते कधी डावी-उजवीकडे कलते, तर कधी त्याची नाळ उचलली जाते आणि पिछाडी पाण्यात दबते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजावरील आवश्यक यंत्रे अशी बांधावी लागतात की, जहाज एका कुशीवर १५ अंश कललेले राहिले किंवा डोलताना २२.५ अंशांपर्यंत झुकले तरी ती चालू राहावीत.

कलण्याने यंत्राचे काय बिघडते, हे समजण्यासाठी एक साधा प्रयोग पुरे. एका पसरट ताटात थोडे पाणी घ्या आणि ताट एका बाजूने उचला. सारे पाणी दुसऱ्या कडेला जाते आणि उचललेली बाजू कोरडी पडते. एंजिनाच्या तळाशी वंगणाचे तेल साठवलेले असते. पंप ते तेल ओढून फिरत्या भागांना पुरवतो. एंजिन कलले आणि पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडले, तर पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. वंगण थांबले म्हणजे धातूवर धातू घासून एंजिनाचा नाश होणार. तो टळावा म्हणून तेलाचा दाब कमी होताच एंजिन आपोआप बंद पडेल अशी योजना केलेली असते. त्यासाठी जहाजावरील एंजिनाचे तेलाचे पात्र जहाजाचे कलणे लक्षात घेऊन घडवतात, आणि त्यातील तेलाची पातळी ठरलेल्या खुणेपर्यंत राखणे अगत्याचे असते.

ही खूण न राखल्याने काय होते, ह्याचा अनुभव २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ आला. ‘व्हायकिंग स्काय’ हे प्रवासी जहाज वादळातून चालले होते. त्यावर सुमारे १३७० माणसे होती. त्या जहाजाचे पंखेही जनित्रांच्या विजेवरच फिरत. जहाजावरील चार जनित्रांपैकी एक नादुरुस्त होते. उरलेल्या तीन जनित्रांच्या पात्रांत तेल कमी होते. शांत समुद्रात ते खपून गेले असते. परंतु जहाज जोराने डोलू लागताच पंपांनी हवा ओढली आणि जनित्रे बंद पडली. जहाज वाऱ्याबरोबर खडकाळ किनाऱ्याकडे वाहत निघाले. नांगर टाकले, पण ते जहाजाला पुरते रोखू शकले नाहीत. एंजिनघरातील माणसांनी धावपळ करून पात्रांत तेल भरले, जनित्रे पुन्हा सुरू केली आणि जहाज अगदी शेवटच्या क्षणी खडकांपासून वाचले. साडेचारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने दोरावर उचलून किनाऱ्यावर आणावे लागले. तेलाच्या पात्रातील काही बोटे उंचीचा हा प्रश्न होता, आणि त्यावर हजाराहून अधिक जीव अवलंबून होते.

तिसरा फरक पाण्याचा आणि हवेचा. एंजिन तापते, म्हणून ते सतत थंड करावे लागते. जमिनीवरील लहान जनित्राला मोटारीप्रमाणे रेडिएटर असतो. एंजिनातील गरम पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून वाहते आणि पंख्याचा वारा ते थंड करतो. जहाजाच्या एंजिनघरात मुळातच उकाडा असतो. तेथील यंत्रे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत चालतील अशी बांधावी लागतात. अशा हवेने एंजिन थंड करणे कठीण; पण सभोवार समुद्र पसरलेला असतो. तेव्हा ते पाणी का वापरू नये?

वापरतात, परंतु सरळ एंजिनात सोडत नाहीत. खारे पाणी लोखंडाचा शत्रू आहे. ते एंजिनात खेळू लागले तर गंज चढून आणि क्षार साठून एंजिन निकामी होईल. ह्यावर उपाय असा की, एंजिनातून गोडे पाणी खेळवतात आणि ते गोडे पाणी एका वेगळ्या कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करतात. पातळ पत्र्यांच्या एका बाजूने गोडे पाणी वाहते, दुसऱ्या बाजूने खारे. उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते, पाणी जात नाही. हे पत्रे बहुधा खाऱ्या पाण्याला न जुमानणाऱ्या टायटॅनियम धातूचे असतात. खाऱ्या पाण्याच्या मार्गात अनेक ठिकाणी जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. जस्त आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकत्र आले की आधी जस्त झिजते आणि पोलाद शाबूत राहते. तो तुकडा संपत आला की काढून नवा बसवायचा, एवढीच दक्षता घ्यावी लागते.

समुद्राचे पाणी आत घेण्याची तोंडेही दोन ठिकाणी असतात. एक जहाजाच्या तळाजवळ आणि दुसरे त्याहून वर. खोल समुद्रात खालचे तोंड उघडतात, म्हणजे जहाज डोलले तरी पंपात हवा शिरत नाही. बंदराजवळच्या उथळ पाण्यात वरचे तोंड उघडतात, म्हणजे तळाचा गाळ आत येत नाही. हवेतील खारट दमटपणाही तितकाच घातक असतो. जनित्राच्या तारांच्या वेटोळ्यांवर तो साचला तर वीज भलत्या वाटेने वाहू लागते. म्हणून त्या वेटोळ्यांवर विशेष प्रकारच्या रोगणाचे थर देतात. जनित्र बंद असते तेव्हाही त्याच्या पोटातील एक छोटा विजेचा तापक चालू ठेवतात, म्हणजे आत दव धरत नाही.

चौथा फरक इंधनाचा आणि आगीचा. गावातील जनित्राने पेट घेतला तर माणसे बाहेर पळतात आणि अग्निशामक दलाला बोलावतात. भर समुद्रात पळायला जागा नाही आणि बोलावण्याजोगे कोणी नाही. आग लागूच नये, ही दक्षता तेथे प्रथम घ्यावी लागते. एंजिनाला तेल पुरवणाऱ्या बारीक नळ्यांत तेलाचा दाब फार मोठा असतो. नळीला चीर गेली की तेलाचा तुषार उडतो आणि तो तापलेल्या भागावर पडला की भडका होतो. म्हणून जहाजावर ह्या नळ्या दुहेरी असतात. आतील नळी फुटली तर तेल बाहेरच्या नळीत अडते आणि एका छोट्या पात्रात जाऊन साठते. तेथे तेल जमताच धोक्याची घंटा वाजते. जेथे तेल उडण्याचा संभव असतो, तेथील २२० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापणारे भाग उष्णतारोधक वेष्टणाने झाकलेले असतात. इंधनही असे निवडतात की, ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरी त्याची वाफ ठिणगीने पेटू नये. जमिनीवर वापरायच्या डिझेलला इतकी कडक अट असतेच असे नाही.

अनेक जहाजांवर डिझेलऐवजी डांबरासारखे दाट तेल जाळतात, कारण ते स्वस्त असते. ते आहे तसे एंजिनात जाऊच शकत नाही. आधी टाकीत तापवून, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घुसळून त्यातील पाणी आणि गाळ वेगळा काढतात. नंतर ते १०० अंशांहून अधिक तापवून पातळ करतात आणि मग एंजिनाला देतात. म्हणजे जहाजावर केवळ वीजघरच असते असे नव्हे, तर तेल शुद्ध करण्याचा एक लहानसा कारखानाही असतो. अशा तेलाच्या धुरामुळे हवा दूषित होते. म्हणून १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.५० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा नियम जगभर लागू झाला. धूर गाळणारी यंत्रणा ज्या जहाजांवर आहे, त्यांना तेवढी सवलत मिळते.

आता एक असा फरक पाहू की, जो वरवर पाहता विचित्र वाटतो. घरात एखादी तार उघडी पडून यंत्राच्या पत्र्याला चिकटली तर वीज जमिनीत वाहून जाते, वितळतार जळते किंवा सर्किट ब्रेकर पडतो आणि पुरवठा बंद होतो. माणसाचा जीव वाचावा म्हणून जमिनीवर मुद्दामच ही योजना केलेली असते. जहाजावर मात्र जमीन कोठून आणायची? तेथे जहाजाचे पोलादी शरीर हीच जमीन. पण साधारण ४४० व्होल्ट दाबाच्या जहाजी व्यवस्थेत जनित्राचा मध्यबिंदू बहुधा ह्या पोलादाला जोडतच नाहीत. त्यामुळे एखादी तार पोलादाला चिकटली तरी वीज परत फिरण्याची वाट पूर्ण होत नाही, आणि यंत्र चालूच राहते.

असे का करतात? समजा, सुकाणूच्या मोटरची एक तार खराब झाली आणि त्याच वेळी जहाज खडकांमधून वाट काढीत असले, तर मोटर बंद पडणे परवडणारे नाही. एका दोषाने सुकाणू थांबू नये, ह्यासाठी ही योजना आहे. परंतु दोष झाकून ठेवणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे. दुसऱ्या तारेलाही तसाच दोष उत्पन्न झाला तर मात्र मोठा स्फोटक प्रवाह वाहू शकतो. म्हणून स्विचबोर्डावर पोलादाशी जोडलेले तीन दिवे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. सर्व ठीक असले की तिन्ही दिवे सारख्या तेजाने जळतात. एखाद्या तारेत दोष आला की तिचा दिवा मंदावतो आणि उरलेले दोन अधिक प्रखर होतात. तो पाहताच खराब तार शोधून काढणे हे जहाजावरील विद्युत्‌ अभियंत्याचे काम होय.

आणखी एक फरक थोडक्यात सांगितला पाहिजे. आपल्या देशातील वीज दर सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. बहुतेक मोठ्या जहाजांवरील वीज ६० वेळा करते. ६० आवर्तनांच्या विजेवर मोटर एक-पंचमांश अधिक वेगाने फिरते. त्यामुळे थोड्या लहान आणि हलक्या यंत्राकडून तितकेच काम करून घेता येते. जहाजावर जागा आणि वजन दोन्ही मोलाची असतात. मात्र ह्यामुळे एक अडचणही उद्भवते. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाने आपली जनित्रे बंद ठेवून किनाऱ्याची वीज घेतली तर शहराची हवा स्वच्छ राहील. पण आपल्यासारख्या देशात त्याकरिता आवर्तने बदलणारी यंत्रणा धक्क्यावर उभारावी लागते.

एवढी काळजी घेऊनही सर्व जनित्रे एकदम बंद पडली तर? ह्या प्रश्नाचे उत्तर मानवजातीला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ हे जहाज हिमनगावर आदळले. त्यावर ४०० किलोवॉटची चार वाफेची जनित्रे होती, आणि त्यांशिवाय पाण्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच उंचीवर ३० किलोवॉटची दोन संकटकालीन जनित्रे बसवलेली होती. जहाज दोन तास चाळीस मिनिटांनी बुडाले. त्या सर्व वेळात, अगदी शेवटची काही मिनिटे वगळता, दिवे जळत राहिले. त्या उजेडात माणसे होड्यांत उतरली आणि त्या विजेवर बिनतारी यंत्र मदतीची हाक देत राहिले. खाली एंजिनघरात वाफ आणि वीज टिकवून धरणाऱ्या अभियंत्यांपैकी एकही जण परत आला नाही.

ह्या दुर्घटनेनंतर १९१४ साली लंडन येथे अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला करार केला. पुढे तो वेळोवेळी सुधारण्यात आला. आज १९७४ चा करार आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्या लागू आहेत. त्याप्रमाणे मोठ्या जहाजावर मुख्य जनित्रांहून निराळी, संकटकाळी वीज देणारी व्यवस्था असावी लागते. बहुतेक जहाजांवर त्यासाठी स्वतंत्र जनित्र असते. ते एंजिनघरात ठेवत नाहीत. एंजिनघरात आग लागली किंवा पाणी शिरले तरी ते वाचावे म्हणून त्याची खोली वरच्या डेकवर असते आणि तिचे दार उघड्या डेकवरून सहज गाठता येते. त्याची तेलाची टाकी वेगळी, स्विचबोर्ड वेगळा, आणि थंड करण्याची सोयही बहुधा वेगळी असते. येथे गंमत अशी की, भोवताली अथांग पाणी असताना हे जनित्र जमिनीवरील जनित्राप्रमाणे रेडिएटरने थंड करतात, कारण समुद्राचे पाणी ओढणारे पंप त्या वेळी बंद असणार, हे गृहीत धरलेले असते.

मुख्य वीज जाताच हे जनित्र आपोआप सुरू होऊन जास्तीत जास्त ४५ सेकंदांत वीज देऊ लागले पाहिजे. जहाज २२.५ अंश कलले तरी ते चालले पाहिजे. मालवाहू जहाजावर त्याने १८ तास आणि प्रवासी जहाजावर ३६ तास आवश्यक तेवढी वीज पुरवली पाहिजे. ते सुरू करण्याचे साधनही दुहेरी असते. बॅटरीने काम केले नाही तर हाताने दाब भरून एंजिन फिरवण्यासारखी दुसरी सोय हाताशी असते. कोणी तरी त्याकडे नियमाने लक्ष दिले नाही तर मात्र ह्या साऱ्याचा उपयोग नाही. म्हणून बहुतेक जहाजांवर आठवड्यातून एकदा ते चालवून पाहतात. वर्षानुवर्षे गरज न पडणारे यंत्र दर आठवड्याला तितक्याच मनोभावे तपासणे, हे समुद्रावरचे एक कठीण व्रत आहे.

परंतु संकटकालीन जनित्र म्हणजे सर्व संकटांवरचा उतारा नव्हे. २६ मार्च २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज कोलंबोकडे जाण्यास निघाले. त्यावरील खलाशी बहुतेक भारतीय होते. एक मोठा पूल समोर दिसू लागला आणि अकस्मात जहाजाची वीज गेली. पंप थांबताच मुख्य एंजिनही थांबले. खलाशांनी वीज परत आणली, पण ती पुन्हा गेली. संकटकालीन जनित्र सुकाणूचा एखादा पंप चालवू शकते. जहाजाला पुढे ढकलणारा प्रचंड पंखा ते फिरवू शकत नाही, आणि पंखा थांबला की सुकाणूचाही जोर ओसरतो. वीज प्रथम गेल्यापासून सुमारे चार मिनिटांत ते अवजड जहाज पुलाच्या खांबावर आदळले आणि पूल कोसळला. जहाजावरील वाटाड्याने, म्हणजे पायलटाने, वेळीच इशारा दिल्यामुळे पोलिसांनी पुलावरची वाहने थोपवली आणि अनेकांचे प्राण वाचले. मात्र पुलावर रस्तादुरुस्तीचे काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला निष्कर्ष सांगितला. पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल तारेमुळे. तारेवर तिची ओळख सांगणारी एक पट्टी चढवलेली होती. ती पट्टी नीट जागी न बसवल्याने तार आपल्या खोबणीत पुरती शिरलीच नव्हती. दुसऱ्यांदा वीज गेली ती, जनित्रांना तेल पुरवण्यासाठी वापरला जात असलेला पंप वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणाऱ्यांपैकी नव्हता म्हणून. तीनशे मीटर लांबीचे जहाज, आणि त्याला रोखणारी तार बोटाएवढीही जाड नाही!

जमिनीवर अशी सैल तार आढळली असती तर फार तर एखादी गल्ली तासभर अंधारात राहिली असती. समुद्रावर तिची किंमत वेगळी झाली. जहाजावरील जनित्र अधिक भक्कम, अधिक खर्चाचे आणि अधिक नियमांनी जखडलेले का असते, ह्याचे उत्तर ह्यात आहे. ज्याला शेजारी नाही, त्याला आपला शेजारीही स्वतःबरोबर न्यावा लागतो. म्हणून तेथे एका जनित्राच्या जोडीला दुसरे, दुसऱ्याच्या जोडीला तिसरे, आणि त्या सर्वांच्या पाठीशी वरच्या डेकवर आणखी एक ठेवलेले असते. दुहेरी नळ्या, दोन पाणीमुखे, दोन तऱ्हांनी सुरू होणारे एंजिन, ह्या सर्वांमागे तोच एक विचार आहे.

आणि ह्या सर्व यंत्रांच्या मागे माणूस उभा असतो. जगातील जहाजांवर हजारो भारतीय अभियंते व खलाशी काम करतात, आणि त्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील तरुणही आहेत. डेकवरून दिसणारा सूर्योदय त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला क्वचितच येतो. यंत्रांच्या घनगंभीर आवाजात, कानांवर संरक्षक टोप्या चढवून, हातात कापडाचा बोळा आणि विजेरी घेऊन ते तेलाची पातळी पाहतात, जस्ताचा झिजलेला तुकडा बदलतात, प्रत्येक तार घट्ट आहे ना हे पाहतात आणि नोंदवहीत तास व आकडे लिहून ठेवतात. त्यांच्या कामाची वाहवा होत नाही, कारण ते नीट झाले तर काहीच घडत नाही. जहाज ठरल्या वेळी बंदराला लागते, एवढेच.